मेंढ्यांविना मुलुंडमध्ये

मेंढ्या वळणारा कुत्रा मेंढीच्या अंगावर धावून जात नाही. तो आधी बघतो. डोकं खांद्यांच्या खाली जातं, शेपूट खाली येते, पुढचा एक पाय उचललेला तसाच राहतो आणि नजर हलत नाही. त्या नजरेच्या दाबानं कळप एकत्र येतो आणि सरकू लागतो. चांगला बॉर्डर कॉली न भुंकता, दात न लावता, नुसती नजर आणि अंतर यांच्या जोरावर अख्खा कळप डोंगरउतारावरून खाली आणतो. ही नजर मुळात शिकाऱ्याची. लांडगा सावज हेरतो, दबा धरतो, पाठलाग करतो, पकडतो आणि मारतो. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करत यातलं हेरणं, दबा धरणं आणि पाठलाग तेवढं वाढवलं आणि शेवटचं पकडणं-मारणं जवळजवळ पुसून टाकलं.

ही नजर मी रोज सकाळी मुलुंडच्या रिक्षा स्टँडजवळ बघते. रांगेतली पहिली रिक्षा सुटली, की आमची बॉर्डर कॉली कुत्री, सखू, पोट जमिनीला टेकवते. तिच्या लेखी तो कळपातून फुटलेला प्राणी असतो आणि त्याला परत आणणं तिचं काम असतं. सायकली, स्कूटर, शाळेला उशीर झालेली मुलं, गल्लीतल्या क्रिकेटचा चेंडू... मुंबईत न हलणारं असतं तरी काय? लोक मला विचारतात, "एवढासा फ्लॅट, त्यात हा कुत्रा कसा राहतो?" जागेचा प्रश्न त्या मानानं सोपा आहे. डोंगरावरचा कुत्राही रात्री एका कोपऱ्यातच झोपतो. अवघड आहे ते हे, की वळण्याची ओढ अंगात भरलेली आहे आणि वळायला समोर काहीच नाही. असा कुत्रा घरी आणायचा म्हणजे त्या ओढीची जबाबदारी आपल्याकडे येते, पुढची बारा-पंधरा वर्षं.

माझ्या सासूबाई माण तालुक्यातल्या. मेंढरांच्या कळपांच्या सोबतीनं वाढलेल्या. सखू आली तेव्हा त्यांनी तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडची कुत्री मेंढरं वळत नव्हती गं. वळायचा धनगर. शीळ घालायची, हाळी द्यायची, काठी आडवी धरायची. कुत्री नुसती राखायची."

"मग दिवसभर काय करायची हो?"

"झोपायची. रात्री जागायची."

हा फरक मला कुठल्या पुस्तकाआधी त्यांच्याकडून कळला. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात जातात. भात कापून रिकाम्या झालेल्या खाचरांत रात्री मेंढ्या बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाच्या तोंडावर परत फिरतात. मेंढ्यांभोवती वाघर लावलेली असते आणि कुत्री त्या जाळ्याच्या बाहेर. कारण देशावरच्या माळरानांवर लांडगा अजून आहे. तिथं मेंढपाळाला अंधारात स्वतःच्या बुद्धीनं भिडणारा कुत्रा हवा. ब्रिटनमध्ये लांडगे काही शतकांपूर्वीच संपले. मेंढ्या उघड्या डोंगरांवर दूरवर पांगून चरू लागल्या. राखणीची गरज उरली नाही, गोळा करण्याची मात्र वाढली आणि एकटा माणूस एवढा डोंगर पायांनी पालथा घालू शकत नव्हता. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर बॉर्डर कॉली घडला तो या गरजेतून.

राखणारा कुत्रा निर्णय स्वतः घेतो. वळणारा कुत्रा क्षणाक्षणाला माणसाकडे बघतो: आता काय? आता कुठे? सखूसारखं जनावर घरात असणं म्हणजे हा प्रश्न दिवसातून कितीतरी वेळा ऐकणं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. दुसऱ्या जातीच्या प्राण्यानं माणसाच्या मनात काय चाललंय ते एवढ्या आतुरतेनं शोधावं, याचं मला रोज नव्यानं अप्रूप वाटतं.

हे घडायला वेळ लागला. वेल्समधल्या बाला गावी १८७३ साली मेंढ्या वळण्याच्या कुत्र्यांची स्पर्धा भरली. १८९३ मध्ये नॉर्थम्बरलंडमध्ये ॲडम टेलफर या माणसाकडे हेम्प नावाचा कुत्रा जन्मला. तो शांतपणे, नजरेनं काम करायचा. त्याची पिल्लं सगळ्यांना हवीशी झाली आणि आजच्या बॉर्डर कॉलींच्या वंशावळी मागे नेत गेलं की बहुतेक त्याच्यापाशी पोचतात. १९०६ साली इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी निघाली. या सगळ्या काळात निवड कामावर झाली, रूपावर नाही. काळ्या-पांढऱ्या केसांचा तो देखणेपणा जाता जाता आलेला आहे. आपण मात्र मोबाइलवर फोटो बघून नेमके त्यालाच भुलतो.

दुसरी भूल हुशारीची. अमेरिकेतल्या जॉन पिली या मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीला १०२२ वस्तूंची नावं शिकवली. तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. "सगळ्यात हुशार जात" म्हणून हा आकडा जो तो सांगतो. त्यामागे तीन वर्षं, रोज चार-पाच तासांचं शिकवणं होतं, हे फार कमी जण सांगतात. चेसरचं मोठेपण मला त्या तासांत दिसतं. हुशार कुत्रा आपल्या वेळात आपोआप शहाणा होत नाही. त्याला काही शिकवलं नाही, तर तो स्वतःहून शिकतो, आणि मग काय शिकायचं ते तोच ठरवतो.

सखू शिकली होती सावल्यांचा पाठलाग. तिचं पहिलं घर वाईट नव्हतं, हे मुद्दाम सांगते. टाळेबंदीच्या काळात सगळे घरी असताना हौसेनं आणलेलं पिल्लू. पुढे दोघांची ऑफिसं सुरू झाली, प्रवास धरून अकरा-बारा तास घर बंद. पंख्याची सावली भिंतीवर फिरते, घड्याळाच्या काचेचा कवडसा छतावर हलतो, तेवढंच तिला वळायला उरलं. बॉर्डर कॉलींमध्ये हे वेड नेहमी दिसतं आणि एकदा लागलं की सहज सुटत नाही. (लेझरचा लाल ठिपका नाचवून कुत्र्याला खेळवणाऱ्यांनी तो खेळ आजच बंद करावा, ही माझी कळकळीची विनंती. जो कधीच हाती लागत नाही, त्याचा माग सोडणं या जातीला जमत नाही.) त्या मंडळींनी वेळेवर ओळखलं की हे आपल्याला झेपत नाही, आणि दुसरं घर शोधायला घेतलं. यालाही प्रेम लागतं.

आम्ही पिल्लाऐवजी मोठी कुत्री घेतली. हा सल्ला मी भेटेल त्याला देते. दोन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो. माणसांना बुजते का, लिफ्टमध्ये थरथरते का, लहान मुलांच्या टाचांना तोंड घालते का, सगळं बघता येतं. पिल्लू म्हणजे अंदाज, आणि आपल्याकडे तो अंदाज बांधायला फारशी सामग्री नसते. पिल्लूच घ्यायचं असेल तर निदान आई-बाप बघा, त्यांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा, डोळे तपासलेत का ते विचारा. २०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद दाखवायला जो टाळाटाळ करतो, पिल्लाची आई दाखवत नाही किंवा पिल्लू स्टेशनबाहेर आणून देतो म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका. पिल्लाची कितीही दया आली तरी.

बाकीच्या जातींविषयीही मला लोक विचारतात. अल्सेशियन, म्हणजे जर्मन शेफर्ड, मुंबईला जुना ओळखीचा. पण तोही मेंढपाळाचाच कुत्रा, हे पुष्कळांच्या लक्षात नसतं. १८९९ मध्ये जर्मनीत फॉन श्टेफानिट्झ या लष्करी अधिकाऱ्यानं त्या जातीची पहिली नोंद केली. या कुत्र्याची पद्धत वेगळी: चरणारा कळप आणि शेजारचं उभं पीक यांच्या मधल्या रेघेवरून दिवसभर येरझाऱ्या घालायच्या, चालतंबोलतं कुंपण व्हायचं. फ्लॅटमध्ये तो गॅलरी ते दरवाजा अशी गस्त घालतो ती त्यामुळेच. ज्याला एका माणसाची, एका दिनक्रमाची निष्ठा द्यायची तयारी आहे, त्याला तो उत्तम. मात्र खुब्याच्या दुखण्याचा धोका मोठा, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर चाळीस किलोचा म्हातारा कुत्रा उचलावा लागतो, याचा विचार आधी करावा. कॉर्गी हल्ली बरेच दिसतात. आखूड पायांमुळे ते मांडीवर बसणारे वाटतात, पण ते गुरांच्या खुरांना चावे घेत गुरं हाकणारे कुत्रे आहेत आणि लांब पाठीमुळे त्यांना जिने, उड्या सोसत नाहीत. शेल्टी लहान चणीचा, गोड, पण आवाजाचा. पातळ भिंतींच्या सोसायटीत शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्यावं. बेल्जियन मॅलिनॉ पोलीस आणि सैन्यदलांत जीव ओतून काम करतो. घरी आणू नका. यावर मला जास्त काही म्हणायचं नाही.

सोसायटीनं कुत्रा पाळायला बंदी केली म्हणून कुणी खट्टू होऊ नये. तशी बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका असंही सांगता येत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना स्पष्ट आहेत. पण कागद दाखवून मिळालेली परवानगी आणि शेजाऱ्यांनी मनानं दिलेली जागा यांत अंतर असतं. सखू लिफ्टमध्ये कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसते. तिला हे शिकवायला वेळ लागला, आणि ज्या काकूंना कुत्र्यांची भीती वाटायची त्या आता तिच्यासोबत वर जातात.

मुंबईची हवा हा मात्र खरा विरोधक. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः जीभ आणि श्वासमार्गातला ओलावा उडून तो थंड होतो, आणि हवाच ओलाव्यानं भरलेली असेल तर तो उडणार कसा? म्हणून पारा फार चढलेला नसतानाही इथला मे आणि ऑक्टोबर या कुत्र्यांना घातक ठरतो. त्यातून बॉर्डर कॉली स्वतः थांबत नाही. त्या जातीत पाच-पंधरा मिनिटांच्या जोरदार धावपळीनंतर पाय लटपटून, भान हरपून कोसळण्याचा एक विकारच आहे, आणि उकाड्यात तो जास्त दिसतो. चेंडू फेकणं कधी बंद करायचं ते माणसानंच ठरवायचं. कुत्र्याचं साधारण तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०४ च्या वर गेलं तर वाट बघायची नाही. आधी अंगावर पाणी ओतायचं, पंखा लावायचा, मग गाडीत घालून डॉक्टरकडे. हा क्रम उलटा झाल्यानं जीव जातात.

आम्ही उजाडता उजाडता निघतो. फार अंधारात मात्र नाही. आमची वस्ती राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला आहे आणि इथल्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. पट्टा कधीच सोडत नाही, झाडीकडची वाट टाळतो, दिव्यांचा रस्ता धरतो. संध्याकाळी डांबरावर तळहाताची मागची बाजू टेकवून बघते. मला चटका बसला तर तिला खाली उतरवत नाही.

"केस कापून टाका ना, उकडत असेल बिचारीला," हे ऐकलं नाही असा उन्हाळा जात नाही. आतली मऊ लोकर आणि वरचे लांब राठ केस, असा या जातींचा दुहेरी अंगरखा असतो. भादरलं तर कातडी उन्हात उघडी पडते आणि केस पुन्हा धड येतीलच असं नाही. आतली सुटलेली लोकर विंचरून काढणं हा खरा उपाय. गळतीच्या दिवसांत आमच्याकडे रोज पिशवीभर निघते आणि वरणभातातही एखादा केस सापडतो. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ताटातून तो शांतपणे काढून ठेवतात. ज्यांच्या घरात हे चालणार नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये, आणि त्यात कमीपणाही नाही.

पावसाळ्यात याच लोकरीची परीक्षा. वरून कोरडी वाटते आणि आत कातडीपाशी ओल राहते. मग खाज, चट्टे, वास. टॉवेलनं पुसून भागत नाही. ड्रायर कमी उष्णतेवर ठेवून, केस उलटे करत मुळापर्यंत वाळवावं लागतं. साचलेल्या पाण्यातून तिला नेत नाही, कारण उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो माणसाइतकाच कुत्र्यालाही होतो. त्याची लस वर्षाच्या वर्षी, जून लागायच्या आत. आणि गोचीड. बोटं फिरवून कानांच्या मागे, पायांच्या बोटांमध्ये, काखेत रोज बघायचं. गोचीडतापानं धडधाकट कुत्रं आठवड्यात खंगतं.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगते, कारण ती जिवाशी गाठ आहे. आपल्याकडे खरूज-गोचीड म्हटलं की आयव्हरमेक्टिन हे औषध सर्रास वापरलं जातं. कॉली घराण्यातल्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये एमडीआर-१ या जनुकात दोष असतो. एरवी काही औषधं मेंदूत शिरू नयेत म्हणून ती बाहेर ढकलणारी एक यंत्रणा असते. या दोषात ती काम करत नाही आणि खरजेवर नेहमी देतात त्या मोठ्या मात्रेनं कुत्रा आंधळा होतो, बेशुद्ध पडतो, मरतोही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २००१ साली हा दोष सापडला. लांब केसांच्या कॉलीत दहातल्या सातांकडे, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये निम्म्यांकडे तो आढळतो. बॉर्डर कॉलीत फार कमी, तरी असतो, आणि आपल्याकडे शुद्ध जातीचा म्हणून विकलेल्या कुत्र्याच्या रक्तात काय काय आहे ते कुणी सांगावं? गालाच्या आतून नमुना घेऊन ही तपासणी होते. ती होईपर्यंत डॉक्टर नवे असोत वा जुने, इंजेक्शन भरायच्या आधी "ही कॉली आहे" एवढं बोलायला संकोच करू नका. जुलाबावरची लोपेरामाइडची घरातली गोळी तर आपल्या मनानं कधीच नको. तीही याच कुत्र्यांना बाधते.

ढोलताशांचं काय करायचं, याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. या कुत्र्यांचे कान डोंगरापलीकडची शीळ टिपायला घडलेले. विसर्जनाच्या दिवशी आम्ही आतल्या खोलीत पंखा मोठा करून, खिडक्या लावून बसतो. दिवाळीत डॉक्टरांनी दिलेली गोळी देतो आणि ती फटाके सुरू व्हायच्या आधी द्यावी लागते. मला ढोल आवडतो. सखूला पलंगाखाली धपापताना बघून तो आवडत नाही.

आता कामाविषयी. दमवलं की शांत होईल, असं सगळे सांगतात. रोज तासभर चेंडू फेकला तर महिन्याभरात तासभर चेंडूला पुरून उरणारा कुत्रा तयार होतो, एवढंच होतं. सखूला नाकाचं काम दिलं आणि घर बदललं. लवंगेचा वास असलेली कापडाची गुंडाळी मी लपवते, ती शोधते: चपलांच्या कपाटात, गादीखाली, आईंच्या देव्हाऱ्यामागे. वीस मिनिटं वास घेतल्यावर ती जितकी निवांत होते तितकी धावून कधी झाली नाही. नाकानं शोधताना डोळे भिंतीवरून सुटतात, हा त्यातला मोठा फायदा. सावल्यांचं वेड पूर्ण गेलेलं नाही. दुपारी दोनच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडकीतून कवडसा आला की पडदा ओढावा लागतो.

रिक्षांसाठी केलं ते असं. लांब उभं राहायचं, तिनं रिक्षा पाहिली की लगेच खाऊ, मग माझ्याकडे पाहिलं की आणखी. अंतर थोडं थोडं कमी करत आणलं. ती अजून पोट टेकते. पण मग मान वळवून माझ्याकडे बघते, आणि मी "चल" म्हटलं की उठते. तिची ओढ मारून टाकण्याचा माझा विचार कधीच नव्हता.

सगळ्यात जास्त वेळ दिला तो काही न करणं शिकवायला. मेंढपाळ काम संपल्याचा इशारा देतो आणि कुत्रा कळपाकडे पाठ फिरवून मालकापाशी येतो. तो इशारा नसेल तर कुत्र्याच्या लेखी काम चालूच. आमच्याकडे तो आहे "पुरे". गोधडी अंथरायची, तिला वर बसवायचं आणि कुणी तिच्याशी बोलायचं नाही. सुरुवातीला दोन मिनिटंही अवघड जायची. आई निवडायला भाजी घेऊन शेजारी बसायच्या. त्यांच्या संथपणाचा माझ्या शिकवण्यापेक्षा जास्त उपयोग झाला असं मला मनापासून वाटतं. आता मेथीची जुडी बाहेर आली की सखू आपणहून गोधडीवर जाऊन आडवी होते.

सी विंगमधलं एक तरुण जोडपं बॉर्डर कॉलीचं पिल्लू घ्यायच्या विचारात आहे. दोघंही नोकरीला, एक जण आठवड्यातून तीन दिवस घरून काम करणारा. मी त्यांना नाही म्हटलं नाही. एवढंच सांगितलं, की ऑगस्टभर सकाळी सहाला आमच्या बरोबर या, आल्यावर तिला वाळवा, गोचीड शोधा, लवंगेची गुंडाळी लपवा, आणि मग ठरवा. दत्तक द्यायचा एक चार वर्षांचा कॉली ठाण्याला आहे, त्यालाही भेटून या म्हटलं. परवापासून येणार आहेत. मुलगी म्हणाली, "काकू, पावसात पण?" म्हटलं, हो, आणि जुने बूट घालून या.